तुम्ही विचारलंत म्हणून: मग विश्वास कशावर ठेवायचा?

लोणारचे विवर पाहायला येणाऱ्या मंडळींबरोबर माझे नेहमी जाणे होते, कारण दख्खनचा काळा कातळ हा माझ्या अभ्यासाचा आणि जिव्हाळ्याचा विषय आहे. विवराच्या काठावर बोलता बोलता मी एखादी सर्वतोमुखी झालेली गोष्ट चुकीची असल्याचे सांगतो, दुसरीबद्दल ‘हे कशावरून?’ असे विचारतो आणि तिसरीबद्दल ‘हे अजून ठरलेले नाही’ असे म्हणतो. तेव्हा कोणीतरी, बहुधा मुलांना घेऊन आलेले आई किंवा वडील, मनापासून विचारतात, ‘सर, सगळ्याच गोष्टींवर शंका घेत राहिलं, तर मग विश्वास कशावर ठेवायचा?’ या प्रश्नामागची काळजी खरी आहे. ज्याला काहीच पटत नाही असे मूल कोणत्याही आईवडिलांना नको असते, आणि तसे मूल घडावे अशी माझीही इच्छा नाही. उन्हात उभ्या उभ्या याचे उत्तर नीट देता येत नाही, म्हणून ते येथे लिहितो.

मी ज्या गोष्टींवर विश्वास ठेवतो, त्यांना खोटे ठरण्याची संधी कोणीतरी प्रामाणिकपणे दिलेली असते आणि तरीही त्या टिकलेल्या असतात. माझी कसोटी एवढीच आहे. लोणारचे विवर अशनीच्या, म्हणजे अवकाशातून येऊन आदळलेल्या दगडाच्या, आघाताने झाले, हे वाक्य आज शाळकरी मुलांनाही पाठ असते. पण ते सिद्ध होण्यास दीडशे वर्षे लागली, आणि त्या दीडशे वर्षांत काय काय घडले हे कळल्याशिवाय त्या वाक्यावर विश्वास ठेवण्याचे कारणही कळत नाही.

बुलढाणा जिल्ह्यातल्या या सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या आणि दीडशे मीटर खोल विवराची नोंद सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२३ मध्ये केली. पुढे शतकाहून अधिक काळ ते ज्वालामुखीमुळे झाले असावे असेच बहुतेक अभ्यासक मानत होते, आणि त्यांना मी नावे ठेवणार नाही. चहूबाजूंना क्षितिजापर्यंत लाव्ह्याचे थर पसरलेले असताना मधोमध एक गोल खड्डा दिसला, तर ज्वालामुखीचाच विचार प्रथम मनात येणार. अडचण एवढीच होती की दख्खनचा लाव्हा वाहून गेल्याला साडेसहा कोटी वर्षे झाली आहेत, तर या विवराचे काठ अजून बरेचसे शाबूत आहेत. साडेसहा कोटी वर्षांच्या ऊनपावसात असा काठ टिकून राहिला असता का, हा प्रश्न ज्याच्या मनात आला, त्याला पुढची वाट सापडण्याची शक्यता होती.

या कथेतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा माणूस चुकलेला आहे. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट हे अमेरिकेतले अतिशय काटेकोर भूशास्त्रज्ञ १८९१ मध्ये ॲरिझोनातल्या अशाच एका विवराकडे गेले. तेथे आसपास लोखंडी अशनींचे तुकडे विखुरलेले होते. विवर अशनीमुळे झाले असेल तर काय दिसायला हवे, हे त्यांनी आधी ठरवले: एक म्हणजे जमिनीखाली गाडल्या गेलेल्या प्रचंड लोखंडी गोळ्यामुळे चुंबकसूची विचलित व्हावी, आणि दुसरे म्हणजे त्या गोळ्याने आतली जागा व्यापलेली असल्याने काठावर पडलेल्या दगडमातीचे घनफळ खड्ड्याच्या घनफळापेक्षा जास्त भरावे. त्यांनी दोन्ही मोजमापे केली. सूची हलली नाही आणि घनफळे जवळपास सारखी भरली. तेव्हा जमिनीखालच्या वाफेच्या स्फोटाने हे विवर झाले असावे, असा निष्कर्ष त्यांनी काढला, आणि १८९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या विवेचनात त्यांनी आपल्या लोणारचाही तुलनेसाठी उल्लेख केला. निष्कर्ष चुकला, कारण इतक्या वेगाने येऊन आदळणारा अशनी स्वतःच जवळजवळ संपूर्ण नष्ट होतो आणि गाडला जाणारा गोळा उरतच नाही, हे त्या काळी माहीत नव्हते. तरीही मी विद्यार्थ्यांना गिल्बर्ट आवर्जून सांगतो. त्यांनी आपली गृहीतके आणि मोजमापे उघडपणे मांडली होती, म्हणूनच ती नेमकी कोठे चुकली हे पुढच्या पिढीला बोट ठेवून दाखवता आले. पुरावा न देता बरोबर बोलणाऱ्याकडून हे शिकायला मिळत नाही.

ॲरिझोनाच्या विवराचा निकाल १९६० मध्ये लागला. तेथल्या वालुकाश्मात कोएसाइट हे क्वार्ट्‌झ या खनिजाचे एक घनदाट रूप सापडले, जे अतिशय मोठ्या दाबाखालीच तयार होते. लोणारला मात्र ही कसोटी लावता येत नव्हती, कारण बसाल्टमध्ये, म्हणजे दख्खनच्या या काळ्या कातळात, क्वार्ट्‌झ जवळजवळ नसते. येथे वेगळी खूण शोधणे भाग होते. विवराच्या तळाशी गाळाच्या जाड थरातून खाली भोके पाडून खडकाचे नमुने वर काढण्यात आले, आणि त्यांत मॅस्केलिनाइट आढळले. बसाल्टमधल्या प्लॅजिओक्लेज या खनिजाची, मूळ स्फटिकाचा आकार कायम राहूनही, आघाताच्या दाबाने काच झाली की तिला हे नाव देतात. ज्वालामुखीच्या उष्णतेने खनिज वितळते, पण हा असा बदल होत नाही. भारतीय आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी मिळून लिहिलेला हा निष्कर्ष १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. एखाद्या मोठ्या परदेशी संस्थेचे नाव जोडले गेले म्हणून माझा त्यावर विश्वास बसलेला नाही. ज्वालामुखीचे म्हणणे खरे असते तर जे दिसलेच नसते, ते तेथे दिसले, म्हणून बसला आहे.

हीच कसोटी लावली की अनेक लोकप्रिय गोष्टी गळून पडतात. लोणारच्या विवरात होकायंत्र नीट चालत नाही, आणि हा तेथे पडलेल्या अशनीचा परिणाम आहे, असे हमखास सांगितले जाते. खडकाजवळ नेल्यावर सूची हलू शकते, हे खरे आहे. मात्र बसाल्टमध्ये मुळातच मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असते, आणि डोंगरमाथ्यावर वीज पडलेली असेल तेथे हा खडक बराच चुंबकीय झालेला असतो. सह्याद्रीतल्या एखाद्या गडावरच्या कातळाजवळही सूची अशीच बावचळू शकते, आणि तेथे काही अशनी पडलेला नाही. जी गोष्ट दोन्ही परिस्थितींत दिसेल, ती दोहोंपैकी एकीचा पुरावा होऊ शकत नाही. माझ्याबरोबर येणाऱ्या मुलांना मी होकायंत्र केवळ लोणारला न वापरता आपल्या गावाजवळच्या टेकडीवरही घेऊन जायला सांगतो, आणि त्यांपैकी जी खरोखर जातात, त्यांना वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही.

जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हाचे दिवस मला फार बोलके वाटतात. टाळेबंदी चालू होती, लोक घरात होते, हातात फोन होते आणि मनात भीती होती. कोणी म्हणाले की लवणासुराचे, म्हणजे येथल्या कथेतल्या दैत्याचे, रक्त वर आले, कोणी म्हणाले की येणाऱ्या संकटाची ही सूचना आहे, आणि कोणी म्हणाले की माणसांचा वावर थांबल्यामुळे निसर्ग मूळ रूपात आला. हे तिसरे स्पष्टीकरण शास्त्रीय भाषेत मांडलेले असल्याने सुशिक्षितांना पटकन पटले. वास्तविक पहिल्या दोहोंइतकाच पुरावा त्यालाही होता, म्हणजे काहीच नव्हता. लोणारच्या संवर्धनाविषयीची याचिका मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे होतीच. पाण्याचे नमुने नागपूरच्या ‘निरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेकडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे गेले.

सुरुवातीला दोन संशयित होते: खाऱ्या पाण्यात लाल रंगद्रव्य तयार करणारे ड्युनालिएला हे शेवाळ, आणि अतिखाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव. तपासणीत हॅलोआर्कियांकडे बोट गेले. पाऊस कमी, पाण्याची पातळी खालावलेली, म्हणून क्षार वाढलेले, आणि या जीवांना तर क्षारच हवे असतात. या सगळ्यात मला सर्वांत सुंदर वाटली ती अगदी साधी गोष्ट: नमुन्याचे पाणी न हलवता ठेवले, तेव्हा गुलाबी जीवद्रव्य तळाशी बसले आणि वरचे पाणी नितळ झाले. रंग पाण्यात विरघळलेला असता तर तो असा खाली बसला नसता. एवढ्या एका निरीक्षणाने शक्यतांचा एक मोठा गट बाद होतो, आणि त्यासाठी कोणतेही महागडे उपकरण लागत नाही. पाणी बाटलीत भरून वाट पाहण्याचा धीर तेवढा लागतो. इराणच्या उर्मिया सरोवरातही क्षार वाढले की पाणी लालसर होते, आणि लोणारच्या रंगाची बातमी पसरली तेव्हा ही माहिती कोणालाही सहज मिळण्यासारखी होती. ‘असे आणखी कोठे होते का?’ एवढा प्रश्न त्या रात्री कोणी विचारला असता, तर पुष्कळ घरांतली धास्ती कमी झाली असती. चिकित्सक विचार हा अभ्यासू लोकांचा छंद आहे असे जे मानतात, त्यांना मी म्हणूनच हा प्रसंग सांगतो. न तपासलेले भय फार वेगाने पसरते आणि त्याचा त्रास सर्वांत आधी घरातल्या म्हाताऱ्यांना आणि लहानांना होतो.

अभिमानाच्या गोष्टी तपासणे याहून अवघड जाते. लोणार हे बसाल्टमधले जगातले एकमेव विवर आहे, असे फलकांवर आणि भाषणांत आढळते. ब्राझीलमध्ये वार्जेआओ आणि सैबेरियात लोगांचा ही बसाल्टमधली आघात-विवरे लोणारहून कितीतरी मोठी आहेत. लोणारचे वैशिष्ट्य हे की ते या सर्वांपेक्षा तरुण आहे आणि म्हणून त्याची रचना अभ्यासासाठी चांगली टिकून आहे. चंद्रावरच्या आणि मंगळावरच्या बसाल्टमधली विवरे समजून घेण्यासाठी त्याचा उपयोग होतो. हे खरे वैशिष्ट्य पुरेसे थोर आहे.

लोणारच्या दैत्यसूदन मंदिराबद्दल आणि लवणासुराच्या कथेबद्दलही पालक विचारतात, की मुलांना ती सांगावी की नाही. अवश्य सांगावी. विष्णूने दैत्याचा वध केला ही कथा मंदिराची, गावाची आणि शेकडो वर्षांच्या श्रद्धेची आहे, आणि तिच्यावाचून लोणार अपुरे राहते. पाणी खारट आहे याची दखल आपल्या पूर्वजांनी घेतली आणि दैत्याच्या नावातच ‘लवण’ ठेवले, हे मला कुतूहलाचेच लक्षण वाटते. फक्त मूल जेव्हा ‘पण पाणी खारट का झाले?’ असे विचारील, तेव्हा त्याला कथेवर थांबवू नये. बाहेर जाण्यासाठी वाट नसल्याने पाणी वाफ होऊन जाते आणि क्षार मागे राहतात, हे त्याला सांगावे, आणि मग घरी बशीत मिठाचे पाणी ठेवून ते दाखवावे.

आता ‘अजून ठरलेले नाही’ याविषयी, कारण पालकांना सर्वांत जास्त अस्वस्थ करणारे वाक्य तेच असते. लोणारचे वय किती? थर्मोल्युमिनेसन्स पद्धतीने, म्हणजे खनिजात साठलेली ऊर्जा तापवल्यावर प्रकाशरूपाने बाहेर पडते ती मोजून, ते सुमारे ५२ हजार वर्षे येते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन पद्धतीच्या, म्हणजे खडकात काळानुसार साठत जाणारा आर्गॉन वायू मोजण्याच्या, अभ्यासात ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आले. म्हणजे दहापटीहून अधिक फरक. पहिल्या पद्धतीत साठलेला संकेत काळानुसार क्षीण होऊ शकतो, त्यामुळे वय खरे असेल त्यापेक्षा कमी दिसण्याचा धोका असतो. दुसऱ्या पद्धतीत साडेसहा कोटी वर्षांच्या मूळ खडकातला आर्गॉन वितळलेल्या खडकात अडकून राहिला, तर वय वाजवीपेक्षा जास्त दिसते. मात्र वितळलेला बसाल्ट पातळ असल्याने हा जुना आर्गॉन त्यातून सहज निसटून जातो, असे त्या अभ्यासकांनी दाखवले आहे. त्यांचे हे विवेचन मला पटते, म्हणून माझा कल मोठ्या आकड्याकडे आहे. काठाची आणि बाहेर फेकल्या गेलेल्या दगडमातीची आजची स्थिती पाहिली, की तो कल थोडा डळमळतो, हेही मी लपवत नाही. मुलांना मी दोन्ही आकडे सांगतो, माझा कल सांगतो, त्याचे कारण सांगतो, आणि आघातात वितळलेल्या खडकाच्या कोणत्या नव्या तपासणीने माझे मत बदलेल, तेही सांगतो.