नील्सनचा षड्ज कुठे असतो? पाचव्या सिंफनीपर्यंतची नोंद

मंडळी, डॅनिश संगीतकार कार्ल नील्सनच्या सहाही सिंफन्या (वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचना) स्वरलिपी समोर ठेवून ऐकायचं चाललंय, त्यात पाचवी आता मनासारखी ऐकून झाली. या फेरीत एकच धागा धरला होता : सा कुठे आहे आणि तो कुठे जातोय?

हा धागा पहिल्या सिंफनीनेच हातात दिला. १८९१-९२ मध्ये लिहिलेली ही सिंफनी म्हणायला ‘जी’ (G) मायनरमधली, म्हणजे ‘जी’ हा सा धरलेली, पण तिचा अगदी पहिला कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) आहे ‘सी’ (C) मेजरचा. तो कानावर पडतो न पडतो तोच जी मायनर ताबा घेतो आणि आपण तो पहिला कॉर्ड विसरून जातो. सिंफनी संपते मात्र सी मेजरमध्येच. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला हे पचवायला वेळ लागतो. आपल्याकडे षड्जचालन केलं, म्हणजे दुसऱ्याच स्वराला सा मानून फिरलं, तरी मूळ सा मागे वाजतच असतो. नील्सनकडे सा सुरुवातीला मिळत नाही, तो शेवटी कमवावा लागतो.

१४ मार्च १८९४ ला कोपनहेगनमध्ये ही सिंफनी पहिल्यांदा झाली तेव्हा संचालक होते योहान स्वेंडसन आणि नील्सन स्वतः दुसऱ्या व्हायोलिनच्या रांगेत बसून वाजवत होता. त्या वाद्यवृंदात तो १८८९ पासून १९०५ पर्यंत होता. फ्युन बेटावरच्या गरीब रंगाऱ्याचा हा मुलगा. बारा भावंडांत सातवा. वडील लग्नकार्यांत फिडल आणि कॉर्नेट वाजवायचे. घरामागच्या लाकडांच्या ढिगातल्या ओंडक्यांवर ठोकून वेगवेगळे स्वर काढल्याची आठवण त्याने लिहून ठेवली आहे. चौदाव्या वर्षी तो ओडेन्सच्या लष्करी बँडमध्ये बिगुल आणि आल्टो ट्रॉम्बोन वाजवायला लागला.

दुसरी आणि तिसरी मी भराभर ऐकली, त्यांच्यावर पुन्हा कधीतरी. चौथी (१९१४-१६) सर्वांना ठाऊक असते ती तिच्या शेवटच्या भागातल्या दोन टिंपनी-संचांच्या (टिंपनी म्हणजे मोठे नगारे) झुंजीमुळे. ती हेडफोनवरच ऐका, दोन्ही बाजू वेगळ्या कळतात.

खरा मुक्काम पाचवीत पडला. १९२१-२२ मधली ही सिंफनी दोनच भागांची. सुरुवातीला व्हायोला सी आणि ए या दोन स्वरांत नुसत्या हलत राहतात. त्यावर दोन ‘बसून’ (bassoon, खर्जातली फुंकवाद्यं) येतात, पण सा कुठला ते कोणीच सांगत नाही. मग साइड ड्रम (काठ्यांनी वाजवायचा लष्करी ढोल) ठेका धरतो. पुढे अडाजिओत (याच भागातल्या संथ टप्प्यात) जी मेजर उजाडतो, तंतुवाद्यं भरून येतात, आता बूड टेकलं असं वाटतं, आणि तिथेच हा ड्रमवाला परत घुसतो, तोही स्वतःच्या वेगळ्या लयीत. स्वरलिपीत त्याला सूचना आहे की वाद्यवृंदाची वाटचाल काहीही करून थांबवायचीच आहे, अशा तऱ्हेने मनाने वाजव. वाद्यवृंद मात्र आपला जी मेजर सोडत नाही. सगळं शमल्यावर एकटी क्लॅरिनेट उरते, आणि मागे ड्रम विरत जातो. १९२४ मध्ये स्टॉकहोमला हे ऐकताना काही श्रोते उठून गेले होते.

या जागेसाठी दोन ध्वनिमुद्रणं शेजारी लावून ऐकली. संचालक बर्नस्टाइनच्या १९६२ च्या न्यूयॉर्क फिलहार्मोनिक वाद्यवृंदाच्या मुद्रणात ड्रम अंगावर येतो. संचालक ब्लोमस्टेटच्या सॅन फ्रान्सिस्को वाद्यवृंदाच्या मुद्रणात वाद्यवृंदाचा पट रुंद वाटतो आणि जी मेजर कसा टिकून राहतो ते नीट दिसतं. सा शोधत ऐकायचं तर मी ब्लोमस्टेटच सुचवेन. दुसरा भाग बी मेजरच्या बाजूने उसळतो, दोन फ्यूग (एकच धून वेगवेगळी वाद्यं एकामागून एक उचलतात अशी रचना) ओलांडतो, एक धावता आणि एक संथ, आणि ई-फ्लॅट मेजरमध्ये जाऊन थांबतो. संथ फ्यूग पहिल्या ऐकण्यात निसटतो. तेवढाच वेगळा काढून ऐका, त्यानंतरचा शेवट दुप्पट मोठा वाटतो.

ज्यांना सोबत यायचंय त्यांच्यासाठी : कोपनहेगनच्या रॉयल लायब्ररीने नील्सनच्या समग्र कृतींच्या संपादित स्वरलिपी मोफत उतरवून घ्यायला ठेवल्या आहेत. स्वरलिपी वाचता येत नसेल तर हार्मोनियमवर जी धरून ठेवा आणि अडाजिओ लावा.

आता सहावी. मग १९२८ चा क्लॅरिनेट कंचेर्तो (एकल क्लॅरिनेट आणि वाद्यवृंदाची रचना) घेणार आहे. त्यातही साइड ड्रम आहे, आणि भांडण एफ आणि ई या शेजारच्या स्वरांचं आहे.