बाबा, वावर आणि एव्हबरीचे गोटे

बाबा नागपूरहून तीन महिन्यांसाठी माझ्याकडे इंग्लंडला आले, तेव्हा त्यांना स्टोनहेंज, म्हणजे ते प्राचीन दगडांचं वर्तुळ, दाखवायचं ठरलं होतं. तिकिटाची किंमत ऐकून त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "गोटे पाहायले एवढे पैसे?" मग मी एव्हबरी शोधलं. विल्टशायरमधलं एक खेडं. तिथलं दगडांचं वर्तुळ स्टोनहेंजपेक्षा कितीतरी मोठं, १९८६ पासून दोन्ही ठिकाणं मिळून जागतिक वारसा यादीत आहेत, आणि इथल्या दगडांना हात लावायलाही तिकीट नाही. बाबांचं समाधान झालं.

आमच्याकडे गाडी नाही. रेडिंगहून रेल्वेने स्विंडन आणि तिथून ४९ नंबरची बस, असा बेत केला. स्विंडनच्या बसथांब्यावर आम्हाला मराठीत बोलताना ऐकून एक गोव्याच्या बाई स्वतःहून जवळ आल्या. या गावात गोव्याची माणसं पुष्कळ आहेत. बाईंनी अर्ध्या कोंकणीत, अर्ध्या मराठीत सांगितलं, "परतीची बस बघून ठेवा हां, आज आयतार." मी मान डोलावली आणि बघितली नाही.

खरी तयारी नकाशाची होती. फोनवरच्या नकाशात रस्ते दिसतात, पायवाटा धड दिसत नाहीत. त्यामुळे ऑर्डनन्स सर्व्हे या इथल्या सरकारी नकाशा संस्थेचा एक्सप्लोरर मालिकेतला १५७ क्रमांकाचा कागदी नकाशा घेतला होता. प्रमाण १:२५,०००, म्हणजे चार सेंटिमीटरला एक किलोमीटर. त्यावर हिरव्या तुटक रेषा असतात, त्या सार्वजनिक पायवाटा. बसमध्ये बाबांनी तो मांडीवर पसरला आणि त्यांच्यातला अव्वल कारकून जागा झाला. तहसीलमध्ये तीस वर्षं काढलेला माणूस. "ही रेघ तर सरळ वावरातून चालली आहे," ते म्हणाले. "वावर कोणाचं?"

"कोणाचंतरी असेल, बाबा."

"आणि तो जाऊ देईल?"

हा प्रश्न दिवसभर आमच्याबरोबर चालला.

एव्हबरीत उतरल्यावर पहिल्यांदा गोंधळच होतो. वर्तुळ कुठे आहे तेच कळत नाही, कारण आपण त्याच्या आत उभे असतो. खंदक आणि मातीचा बांध यांच्या आत अर्धं गाव आहे, मधून मोटाररस्ता जातो, गवती छपराचा पबही आतच. हे सगळं साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या आसपासचं. खंदक चुनखडीत खोदलेला, तोही सांबरासारख्या हरणांच्या शिंगांची कुदळ करून. बाहेरच्या वर्तुळात एके काळी शंभराच्या आसपास दगड होते. मध्ययुगात गावकऱ्यांनी काही पाडून पुरले, आणि सतराव्या-अठराव्या शतकात आग पेटवून, वर गार पाणी ओतून बरेच फोडले व घरं बांधायला वापरले. आज उभे दिसतात त्यातले अनेक १९३०च्या दशकात अलेक्झांडर कीलर या मुरंब्याच्या कारखानदार घराण्यातल्या माणसाने पुन्हा उभे केलेले. जिथे दगड सापडला नाही तिथे त्याने काँक्रीटचा खुंटा रोवला. वर्तुळ मोकळं करायला काही घरंही पाडली गेली आणि माणसं बाहेर वसवली गेली. मला हे वाचताना कीलरचं कौतुकही वाटलं आणि थोडा रागही आला. बाबांनी एकच विचारलं, "मोबदला किती दिला?"

१९३८ मध्ये एका पुरलेल्या दगडाखाली माणसाचा सांगाडा निघाला. जवळ कात्री, एक सळई आणि चौदाव्या शतकाच्या सुरुवातीची नाणी. म्हणून त्याला न्हावी-वैदू ठरवलं गेलं. तो सांगाडा महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात गेला असं सगळे धरून चालले होते, आणि १९९०च्या दशकाच्या शेवटी लंडनच्या एका संग्रहालयात सापडला. "रेकॉर्ड रूममध्ये असंच होते," बाबा म्हणाले.

मग चालायला लागलो. मोठ्या वाहनतळासमोरून विंटरबोर्न ओढ्याच्या काठाने वाट निघते. फाटक असं, की एका वेळी एकच माणूस वळून आत जाईल. गाय अडकते, माणूस जातो. खांबावर पिवळा बाण. पिवळा म्हणजे फक्त पायी, निळा असेल तर घोडा आणि सायकलही. बाबा फाटकाशी थबकले. समोर शेत, शेतात गाई.

मी मोबाइलवर वाचलेलं सगळं सांगून टाकलं. १९४९च्या कायद्याने परगण्यांच्या कौन्सिलांना अशा जुन्या वाटांचे अधिकृत नकाशे करायला लावले. शेत विकलं तरी वाट शेताबरोबर राहते. शेतावरून जाणारी वाट नांगरली गेली, तर चौदा दिवसांच्या आत मालकाने ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यायची, निदान एक मीटर रुंद. बाबा ऐकत होते, पण चेहऱ्यावर विश्वास नव्हता. "आमच्याकडे कलम १४३ आहे," ते म्हणाले. "धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, वाट मागायची तर तहसीलदाराकडे अर्ज करा, पंचनामा होते, शेजारी हरकत घेते, अपील होते. तोवर अर्जदाराच्या पोराचं लग्न होऊन जाते."

गाईंपासून लांबून, न पळता, कडेकडेने गेलो. भीती मला वाटत होती, बाबांना नाही. फाटक आपण उघडलं तर आपणच लावायचं, हा इथला पहिला धडा. ते मात्र बाबांनी दर वेळी कडी दोनदा हलवून तपासलं.

उजवीकडे सिल्बरी हिल दिसायला लागली. ही टेकडी नाही, माणसांनी रचलेला ढीग आहे. दहा मजल्यांच्या इमारतीएवढा, युरोपातला सर्वांत मोठा प्रागैतिहासिक ढीग. आत राजा असेल, सोनं असेल म्हणून लोकांनी १७७६ पासून भोकं पाडली. कुणीही पुरलेलं सापडलं नाही. त्या १७७६च्या भोकाचं तोंड २००० साली खचून माथ्यावर खड्डा पडला. वर चढायला बंदी आहे, लांबूनच बघायचं.

पुढे मोठा रस्ता ओलांडून वेस्ट केनेटच्या थडग्याकडे चढ लागतो. इथे माझे बूट हरले. साधे कापडी बूट घातले होते, आदल्या रात्री पाऊस झाला होता, आणि चुनखडीचा चिखल साबणासारखा पांढरा आणि निसरडा. बाबा त्यांच्या जाड तळव्यांच्या बुटांत निवांत. शिवाय वाटेच्या कडेला नेटल नावाचं खाजकुयलीसारखं झुडूप असतं. आखूड पँट घालायची नाही, एवढंच सांगते.

थडगं शंभर मीटर लांब, इ.स.पू. ३६५०च्या सुमाराचं. तोंडाशी प्रचंड दगड उभे, त्यांच्यामागे पाच कोठ्या. तिथे निदान छत्तीस जणांची हाडं सापडली, लहान मुलांचीही. आत अंधार, मोबाइलच्या उजेडात गेलो. एका कपारीत कुणीतरी मेणाचा दिवा आणि रानफुलं ठेवली होती. बाबांनी बूट काढले. इथे कुणी काढत नाही. मी काही बोलले नाही.

बाहेर आल्यावर दशम्या आणि लोणचं खाल्लं. समोर सिल्बरी, खाली बार्लीची शेतं. बाबांनी एक कणीस न तोडता बोटांत धरून दाणे मोजले आणि अचानक म्हणाले, "जुनापाणी तर आपल्या काटोल रोडवरच आहे. तिथंही गोट्यांची वर्तुळं आहेत, शेकड्यांनी. इंग्रजांनी खोदली होती. गोट्यांवर वाटीसारखे खळगे आहेत."

"तुम्ही पाहिलीत?"

"पस्तीस वर्षं त्या रस्त्यानं एसटीत गेलो."

मीही नागपुरात बावीस वर्षं काढली, शाळेची सहल सुद्धा तिकडे गेली नव्हती.

पुढे ईस्ट केनेटवरून सँक्चुअरी नावाच्या जागेशी आलो. तिथे जुन्या वर्तुळांच्या जागी आता फक्त खुंटे आहेत. रिजवे हा १३९ किलोमीटरचा जुना मार्ग तिथून सुरू होतो. आम्ही तो नुसता बघून दगडांच्या दुहेरी रांगेने एव्हबरीत परतलो. एकूण नऊ-दहा किलोमीटर, मध्ये बसत-उठत पाच तास.

आणि बस गेली होती. मी आठवड्याच्या दिवसांचं वेळापत्रक बघितलं होतं, आयताराचं नाही. पबच्या बाहेर चहा घेऊन ताटकळत बसलो. मेंढ्या दगडांना अंग घासत होत्या. बाबा नकाशावर बोट फिरवत हिरव्या रेषा मोजत होते.

ते परत गेल्यावर महिन्याभराने फोन आला. मित्राच्या स्कूटरवरून जुनापाणीला जाऊन आले होते. "वाट काही धड नव्हती," म्हणाले, "शेवटी धुऱ्यानं गेलो. वावरवाल्यानं हटकलं, काय पाहिजे म्हणून."

"मग?"

"म्हटलं, गोटे पाहायचे आहेत."

"मग?"

"मग काय. आधी हसला, मग चहा पाजला. तो पण कधी गेला नव्हता. मग दोघं गेलो."