तुम्ही विचारलंत म्हणून: उद्या विसरणारच, मग कशाला जाता?

कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात दर गुरुवारी दुपारी मी वयस्कर पेशंटना गाणी म्हणून दाखवायला, गोष्टी सांगायला जाते. बहुतेकांना स्मृतिभ्रंश आहे. "उद्या त्यांच्या काही लक्षात राहणार नाही, मग कशाला जाता?" हा प्रश्न मला घरचेही विचारतात आणि पेशंटचे नातेवाईकही.

लक्षात राहत नाही, खरंय. पण आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली अल्झायमरच्या रुग्णांना सिनेमातले काही प्रसंग दाखवले होते. काय पाहिलं ते थोड्याच वेळात विसरलं गेलं, पण मनाला झालेला आनंद किंवा दुःख त्यानंतरही टिकून होतं. मला ते वॉर्डात दिसतं. एरवी औषध थुंकून टाकणाऱ्या आजी ओव्या झाल्या की अर्ध्या तासानं तीच गोळी निवांत घेतात.

सुरुवातीला माझं फार चुकायचं. "आजोबा, आठवतंय का?" असं विचारायचे. एका आजोबांनी तोंडच भिंतीकडे फिरवलं. उत्तर सापडत नाही, एवढं त्यांना बरोबर कळतं हो, आणि ते कळणं फार वाईट. आता मी विचारत नाही. आपणच सांगायला लागते.

तेच आजोबा. आयुष्यभर गुळव्या म्हणून, गूळ शिजवत राबले, आता मुलाचं नाव सापडत नाही. मी गोष्टीतच गुऱ्हाळ लावलं. चुलवाणात चिपाडं सारली, काहिलीत रस उकळला, भेंडीच्या पाण्यानं वर आलेली मळी काढली, रस घट्ट होत आला. "झाला गूळ, ओता वाफ्यात," म्हटलं.

आजोबा ताडकन उठून बसले. "आवं थांबा की! पाण्यात टाकून बघितलं का? गोळी बांधाय पायजे!"

मला ते ठाऊकच नव्हतं. त्यांनी चिमटीतलं काहीतरी उशाच्या तांब्यात सोडलं, पाण्यात बोटं घालून वळलं, डोळ्यांजवळ धरून बघितलं. "आनि थोडा जाळ घाला." दारात उभा असलेला मुलगा तिथंच खाली बसला.

गाणी मी त्यांच्या ऐन तारुण्यातली निवडते, त्या वयातलं जास्त टिकतं. पेटी हळू वाजवते. स्पीकर नाही, मोठ्या आवाजानं ती बिचारी घाबरतात.

पुढच्या गुरुवारी आजोबा म्हणाले, "कोन गं तू?" मी पुन्हा चुलवाण पेटवलं.

उद्या वाटीभर काकवी नेणार आहे. त्यांना शुगर आहे, पण वासाला हरकत नाही असं सिस्टरनी सांगितलंय.