‘ऊर्फ’साठी अकरा महिने: नवोदयच्या बॅचचा संघ नोंदवताना

शाळेच्या बॅचचा माजी विद्यार्थी संघ नोंदवायला निघाला असाल, तर एक काम आधी करा. वर्गातल्या ज्या मुलींना कार्यकारिणीत घेणार आहात त्यांना फोन लावा आणि विचारा, लग्नाचा दाखला काढलाय का? आमचे अकरा महिने या एका कागदापायी गेले. संघ नोंदवून झाला, प्रमाणपत्रं हातात आली, पण राग गेलेला नाही. म्हणून लिहायला बसले.

आम्ही 1988 साली सहावीत जवाहर नवोदय विद्यालयात लागलो आणि 1995 साली बारावी करून बाहेर पडलो. नवोदय सुरू झाली ती 1985-86 मध्ये. पहिल्या दोन शाळांपैकी एक आपल्या अमरावतीची, दुसरी हरियाणात झज्जरची. आमच्या जिल्ह्यातली थोडी नंतरची, तरी आम्ही गेलो तेव्हा मेसच्या भिंतींना प्लास्टर नव्हतं. किमान 75 टक्के जागा खेड्यातल्या मुलांच्या, त्यामुळे बहुतेक सगळे वाड्यावस्त्यांवरचे. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं सगळं फुकट. सात वर्षं एका छपराखाली काढली आणि बारावीच्या शेवटच्या पेपरनंतर दोन दिवसांत सगळे आपापल्या एसटीत बसून निघून गेले. कुणाच्याच घरी फोन नव्हता.

तरी आम्ही आज 78 पैकी 70 जण एकमेकांच्या संपर्कात आहोत, ते सुनंदामुळे. (नाव बदलून लिहिते आहे, तिची दोन्ही नावं बदलली आहेत.) नववीत आमच्यातले तीस टक्के जण मायग्रेशनला गेले, हिंदी भागातल्या नवोदयात. नवोदयचा तो नियमच आहे. सुनंदा गेली, मी मागे राहिले. तिकडून ती 15 पैशांच्या पोस्टकार्डावर आम्हाला पत्रं पाठवायची, प्रत्येकीला वेगळं. एका कार्डावर दहा जणींना नमस्कार घालून मोकळी होणारी ती नव्हे. परत आल्यावर, बारावीच्या शेवटच्या आठवड्यात, बाकीचे स्लॅमबुकात आवडता हिरो लिहीत होते तेव्हा ही दोनशे पानी वही घेऊन मुलांच्या हॉस्टेलच्या दारापर्यंत गेली आणि प्रत्येकाचा मु. पो., ता., जि. लिहून घेतला. 61 पत्ते होते त्या वहीत.

1999 मध्ये तिचं लग्न झालं आणि ती आमच्या हातून सुटली. फेसबुक आल्यावर मुलगे महिन्याभरात सापडले. मुली सापडेनात. नाव टाकायचं तर कुठलं टाकायचं? 2016 साली मी तिच्या माहेरच्या गावी गेले. स्टँडवरच्या किराणा दुकानात चौकशी करून तिच्या चुलतभावाकडून नंबर घेतला आणि तिथेच उभी राहून लावला. एका मुलाने उचलला. मी म्हटलं, सुनंदाला फोन दे. तो म्हणाला, “राँग नंबर. इथे सुनंदा नावाचं कोणी नाही.” तो तिचा थोरला मुलगा होता. सतरा वर्षांचं घर, आणि पोटच्या पोराला आईचं ते नाव माहीत नव्हतं. रात्री साडेनऊला तिचाच फोन आला. “अगं, तू अजून तशीच बोलतेस,” एवढंच म्हणाली आणि मग आम्ही दोघी बराच वेळ काही बोललोच नाही.

वही तिने जपून ठेवली होती. त्या वहीवरून गावोगाव विचारत उरलेल्यांपैकी बहुतेक मिळाले.

आता संघाकडे येते. ग्रुपवर आमचा मदतनिधी होता. कुणाचा अपघात, कुणाच्या मुलाची फी, असं काही आलं की पैसे जमा व्हायचे आणि ते एका मित्राच्या सेव्हिंग खात्यात पडायचे. कृपा करून हे करू नका. तो मित्र सोन्यासारखा, हिशोब पैशापैशाचा, पण त्याच्या बायकोला सारखी धास्ती. घरचे पैसे किती आणि शाळेचे किती हे उद्या विचारलं तर मी काय सांगू, असं तिने मलाच विचारलं. तिचं बरोबर होतं. म्हणून 2023 च्या फेब्रुवारीत ठरलं की रीतसर संस्था करायची.

महाराष्ट्रात संस्था 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदवतात आणि तिचीच 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही नोंद होते, त्यामुळे शेवटी प्रमाणपत्रं दोन मिळतात. कमीत कमी सात सभासद लागतात. नाव मिळालं, उद्देश लिहिले, नियमावली झाली, कार्यालयासाठी एका मित्राने घराचं संमतीपत्र आणि लाइट बिल दिलं. हे सगळं सहज झालं, सांगण्यासारखं त्यात काही नाही. सात जणांत सुनंदा खजिनदार. यावर ग्रुपवर एकानेही दुसरं नाव सुचवलं नाही.

सुनंदाचं सासरचं नाव वैष्णवी. वकीलसाहेबांनी कागद पाहिले आणि म्हणाले, “आधारवर वैष्णवी आहे ना, मग वैष्णवीच लिहा आणि मोकळे व्हा.” त्यांचा सल्ला व्यवहाराचा होता. पण सभासद म्हणजे शाळेचा माजी विद्यार्थी, अशी आमच्या नियमावलीत व्याख्या होती आणि शाळेने दिलेली बॅचची यादी सोबत जोडली होती. त्या यादीत वैष्णवी कुठेच नव्हती. आणि यादीपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे सुनंदा स्वतः. ती मला म्हणाली, “आधारवर वैष्णवी, रेशनकार्डावर वैष्णवी, बँकेत वैष्णवी. मी कुठे तक्रार केली? पण शाळेच्या कागदावर तरी मला सुनंदा राहू दे.” म्हणून सगळीकडे टाइप केलं: सुनंदा अमुक ऊर्फ वैष्णवी तमुक.

नोंदणी कार्यालयातल्या बाबूंनी पहिल्याच पानावर त्या ‘ऊर्फ’भोवती पेन्सिलीने गोल काढला. तोंडाने काही सांगितलं नाही, “त्रुटीचं पत्र येईल” म्हणाले. ते यायला पाच आठवडे लागले. त्यात एक ओळ: सदर दोन्ही व्यक्ती एकच असल्याचा पुरावा सादर करावा. आम्ही 100 रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र केलं. ते त्यांनी बाजूला ठेवलं, म्हणाले, नुसतं प्रतिज्ञापत्र चालणार नाही, राजपत्र आणा. हे पहिल्या पत्रात लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? राजपत्रासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो, तो भाग सुरळीत झाला, नावबदल छापून आला. राजपत्राची प्रत घेऊन गेलो तर म्हणाले, नाव बदललं हे कळलं, पण बापाचं नाव जाऊन नवऱ्याचं कशावरून आलं? लग्नाचा दाखला आणा.

विचार करा. बाईच्या नावाचे तीन शब्द. लग्नात तिन्ही बदलले, पहिला तर नवऱ्याने तांदळात बोटाने लिहिला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा कुणी पुरावा मागितला नाही. आज चोवीस वर्षांनी तीच बाई ‘मी तीच आहे’ म्हणते तर तिने कागद आणायचा.

दाखला त्यांनी काढलेलाच नव्हता, त्या काळात गावात कोण काढत होतं? विवाह नोंदणी तेव्हा गावात ग्रामसेवकाकडे व्हायची. तीन साक्षीदार लागतात आणि लग्न लावणाऱ्या भटजींची सही. भटजी वारले होते. साक्षीदारांपैकी एक मामा अंथरुणाला खिळलेले. तिच्या यजमानांचं मात्र कौतुक करायला हवं. मळणीचे दिवस असताना त्यांनी चार हेलपाटे घातले आणि एकदाही ‘कशाला हे’ म्हणाले नाहीत. ग्रामसेवकांनी भटजींच्या मृत्यूबद्दल प्रतिज्ञापत्र घेतलं आणि विचारलं, लग्नपत्रिका आहे का?

पत्रिका तिच्या आईकडे होती. देव्हाऱ्याखालच्या पत्र्याच्या डब्यात, कुलदैवताच्या फोटोमागे, घडी करून ठेवलेली. मी तिच्याबरोबर गेले होते. गुलाबी कागद, चारही कोपऱ्यांना हळदीकुंकवाची बोटं, आणि मध्ये ठळक अक्षरात ‘चि. सौ. कां. सुनंदा’, खाली वराचं नाव. माहेरचं नाव आणि नवऱ्याचं नाव एकत्र असलेला जगातला तो एकच जुना कागद. आई ऐंशीच्या पुढच्या. पत्रिका हातात देताना म्हणाल्या, “झेरॉक्स काढून परत दे हां, तिचं नाव तेवढ्यावरच उरलंय.”

दाखला मिळाला. तोवर नोव्हेंबर उजाडला होता आणि ग्रुपवर कुरकुर सुरू झाली होती. एकाने लिहिलं, एका नावासाठी सगळ्यांना किती दिवस अडकवणार, दुसरी कुणीतरी घ्या. अगदी हेच वाक्य बाबूंनीही ऐकवलं होतं, “मॅडम, दुसऱ्या बाई नाहीत का तुमच्यात?” त्यांचं मी ऐकून घेतलं, आपल्या माणसाचं ऐकवेना. मी सुनंदाच्या वहीतल्या त्याच्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकला. त्याच्या गावाचा पत्ता, आणि खाली तिच्या गोल अक्षरात: ‘याला पत्र टाकलं की उत्तर उशिरा येतं, तरी टाकायचं.’ 1995 ची शाई. रात्री त्याने तिला फोन केला. काय बोलले ते दोघांनाच ठाऊक. पण पुढच्या वेळी रजा टाकून तो स्वतः माझ्याबरोबर कार्यालयात आला.

आणि तिथे कळलं की पहिले बाबू बदलून गेले. नव्यांनी फाइल उघडली आणि पेन्सिलीच्या त्याच गोलावर बोट ठेवलं. “हे ऊर्फ काय आहे?”

मी तिथे रडले. सांगायला लाज वाटत नाही. माझ्या मित्राने माझ्या हातातून फाइल घेतली आणि सरळ वरच्या साहेबांकडे भेटीची चिठ्ठी पाठवली. दीड तासाने आत बोलावलं. साहेबांनी शाळेची यादी, शाळा सोडल्याचा दाखला, राजपत्र, विवाह दाखला, आधार असे पाच कागद एका रांगेत मांडले, चष्मा वर करून पाहिले आणि विचारलं, “मग अडचण काय आहे?” दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. जी गोष्ट दहा मिनिटांची होती तिच्यासाठी एका बाईला आपल्या म्हाताऱ्या आईच्या देव्हाऱ्यापर्यंत जावं लागलं.

जानेवारी 2024 मध्ये नोंदणी झाली.

आठवेल तसं सांगते. प्रत्येक वेळी दिलेल्या कागदाची पोच आवक शिक्क्यासह घ्या. आमच्याकडे दोन वेळची नव्हती आणि नव्या बाबूंसमोर ती तारीख सिद्ध करता आली नाही. त्रुटी सगळ्या एकदम लेखी द्या, अशी विनंती पहिल्याच भेटीत अर्ज करून करा. ‘ऊर्फ’ लिहायचं असेल तर पहिल्या सभेच्या ठरावापासून शेवटच्या संमतीपत्रापर्यंत काना-मात्रेसकट एकसारखं लिहा. आमच्या टायपिस्टने एका ठिकाणी ‘सूनंदा’ केलं होतं आणि ते पान पुन्हा सात जणांच्या सह्यांसाठी चार गावं फिरलं. पुढे पदाधिकारी बदलले की 90 दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो, ही तारीख आत्ताच कुठेतरी मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. बँकेला संस्थेचं स्वतंत्र पॅन लागतं, ते नोंदणीच्या दुसऱ्याच दिवशी टाका. शाळेकडून यादी मागताना सध्याच्या प्राचार्यांना रीतसर पत्र द्या, आम्हाला ती आठवड्याच्या आत मिळाली. वाटेत फक्त तिथेच कुणी बसा म्हणालं, चहा दिला.

आणि हो, फोनमध्ये वर्गातल्या मुलींची नावं सेव्ह करताना शाळेतलं नाव आधी टाका.

विश्वस्तांच्या नावांसह नोंदीचा उतारा मिळतो, त्याची प्रमाणित प्रत मी मागून घेतली. पाचव्या ओळीत तिचं नाव आहे, ऊर्फसकट. प्रत घेऊन तिच्या घरी गेले तेव्हा तिने ती आधी मुलाच्या हातात दिली आणि मोठ्याने वाचायला लावली. त्याने दोन्ही नावं वाचली. मग माजघरातली तिची शाळेची ट्रंक उघडली. आता तिच्यात उन्हाळी वाळवण असतं. पण झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेलं अजून दिसतं: सुनंदा, उदयगिरी हाऊस, खाली मु. पो. आणि तालुका. संघाची फाइल आता त्याच ट्रंकेत आहे.

78 पैकी आठ जण अजून मिळालेले नाहीत. त्यातले दोघे वारल्याचं कळलं, दोघांचा माग लागत नाही. उरलेल्या चारही मुली आहेत. शाळेतली नावं आमच्याकडे आहेत, सासरची नाहीत. सुनंदाने वहीतून त्यांच्या माहेरच्या गावांची यादी काढली आहे. सुगी संपली की आम्ही दोघी निघणार आहोत.