जुन्या वाड्यात ध्वनिमुद्रणाची खोली करताना

सदाशिव पेठेतला आमचा वाडा कडीपाटाचा, म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्या टाकून केलेल्या छताचा आहे. तळमजल्यावरची बारा बाय दहा फुटांची खोली श्राव्य पुस्तकांच्या ध्वनिमुद्रणासाठी तयार करायचे ठरले, तेव्हा भेटेल त्याने भिंतींना फोम लावण्याचा सल्ला दिला. फोमने खोलीतले घुमणे कमी होते, बाहेरचा आवाज अडत नाही. त्यासाठी वजन लागते आणि हवासुद्धा निसटणार नाही अशी बंद जोडणी लागते. वजनाच्या बाबतीत जुना वाडा कोणत्याही नव्या सदनिकेला भारी पडतो. आमच्या भिंती दीड फूट जाडीच्या, मातीत रचलेल्या भाजक्या विटांच्या आहेत. त्यांचे वजन दर चौरस मीटरला ८०० किलोच्या घरात जाते, तर साडेबारा मिलिमीटरच्या एका जिप्सम बोर्डाचे जेमतेम नऊ-दहा किलो भरते. त्यामुळे भिंतींना हात न लावता पैसा आणि श्रम फटी, दार, खिडकी आणि माथ्यावरचा कडीपाट यांवरच घालवायचे, असे मी ठरवले.

फटी शोधायला महागडे उपकरण लागत नाही. रात्री दिवे घालवून खोलीत प्रखर विजेरी फिरवली आणि शेजारच्या खोलीतून पाहिले, तर चौकटीच्या कडेने, विजेच्या नळीच्या भोकातून आणि तुळईच्या टोकापाशी उजेडाच्या रेघा दिसल्या. उजेड जातो तिथून आवाज जातोच. त्यानंतर खोलीत रेडिओ लावून बाहेरच्या बाजूने कान लावत फिरलो, तेव्हा भिंतीतल्या फडताळापाशी निवेदकाचा शब्द न् शब्द कळत होता. फडताळाची पाठ म्हणजे एक फळी होती आणि तिच्या पलीकडे थेट माजघर. ती फळी काढून गवंड्याने आतून पूर्ण जाडीचे वीटकाम केले. बारीक सांध्यांत कधीही कडक न होणारे सीलंट भरले, कारण लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि सिमेंटचा भराव दोन ऋतूंत सुटतो.

दाराचे गणित प्रत्येकाने करून पाहावे असे आहे. तीन फूट रुंद आणि सात फूट उंच दाराखाली एक सेंटीमीटरची फट राहिली, तर ती दाराच्या क्षेत्रफळाच्या अर्धा टक्कासुद्धा नसते. तरीही दार कितीही जड केले तरी आवाजातली घट २३ डेसिबलच्या आसपास अडकून राहते. म्हणून जुने सागवानी दार बाहेर तसेच ठेवून आतल्या बाजूने भरीव लाकडाचे दुसरे दार बसवले, त्याला चहूबाजूंनी रबरी गास्केट लावले आणि खाली दार लावताच उतरणारी पट्टी बसवली. खिडकीलाही हाच न्याय लावला. बाहेरच्या तावदानांत सहा मिलिमीटरची काच घातली आणि आतून, सहा इंच अंतर सोडून, दहा मिलिमीटरची. सहाची काच २,००० हर्ट्झच्या आसपास आवाज अधिक सोडते, दहाची १,२०० च्या आसपास. दोन्ही एकाच जाडीच्या असत्या तर दोघींची कमजोरी एकाच जागी आली असती, आणि तीही नेमकी बोलण्याच्या पट्ट्यात.

सगळ्यांत कठीण होता कडीपाट. फळ्यांवर मातीचा थर असल्यामुळे वरचे बोलणे खाली येत नव्हते; पण पावलांचा आणि खलबत्त्याचा ठोका कड्यांतून सरळ खोलीत उतरायचा. असा ठोका खालून अडवण्यापेक्षा उगमापाशी थोपवणे केव्हाही स्वस्त पडते. वरच्या काकूंना मी विचारले, "काकू, खलबत्त्याखाली ठेवायला रबराचा जाड तुकडा आणून देऊ का?" त्या म्हणाल्या, "आण की. आणि आणतोच आहेस तर मला बसायलाही एक आण, खाली बसून कुटते मी." दोन्ही आणून दिले, शिवाय त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर जाड सतरंजी आली. खाली मात्र कडीपाटाला कुठेही न टेकणारे स्वतंत्र छत केले. त्याचा भार मातीत रचलेल्या भिंतींवर न टाकता चार कोपऱ्यांतल्या खांबांवर घेतला आणि हे संरचना अभियंत्याला दाखवूनच केले. खांबांच्या बुडाशी रबर, वरच्या पोकळीत दोन इंची रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर) आणि खाली सांधे एकमेकांवर येणार नाहीत असे जिप्सम बोर्डाचे दोन थर, अशी रचना आहे. उंची फूटभर कमी झाली.

हवेचा प्रश्न बरेच जण शेवटी ठेवतात. बंद खोलीत तासभर वाचन केले की श्वास जड होतो, आणि ओल धरणाऱ्या भिंतीही कोंदटतात. त्यासाठी नागमोडी वाटेची, आतून रॉकवूल लावलेली लाकडी पेटी बसवून तिच्यातून मोठ्या व्यासाच्या नळीने हवा संथ खेळवली. भिंतींवर जुना चुनाच ठेवला, प्लास्टिक रंग लावू दिला नाही. घुमणे कमी करायला कोपऱ्यांत रॉकवूलचे जाड ठोकळे आणि वाचकाच्या पाठीमागे आजीच्या गोधड्या टांगल्या.

श्राव्य पुस्तकांच्या ध्वनिमुद्रणात कोणी बोलत नसतानाची आवाजाची पातळी उणे ६० डेसिबलच्या खाली, म्हणजे नोंदता येणाऱ्या सर्वांत मोठ्या आवाजापेक्षा ६० डेसिबलहून अधिक कमी असावी, अशी अट पुष्कळदा असते. आता दिवसाही ती पाळता येते. गणेशोत्सवातले ढोल मात्र अडत नाहीत. ५० हर्ट्झच्या खर्ज आवाजाच्या लाटेची लांबी जवळजवळ सात मीटर असते, आणि तिला रोखायचे तर खोलीत आणखी एक संपूर्ण सुटी खोली बांधावी लागेल, जी या जागेत मावत नाही. त्या दहा दिवसांत मी संपादनाचेच काम ठेवतो.