‘आधार लिंक आहे’ म्हणाले, आणि माझी स्कॉलरशिप चार महिने अडकली

“लिंक आहे की गं तुझं आधार. अजून काय पाहिजे?”

हे वाक्य मी एकाच बँकेच्या एकाच काउंटरवर ऐकलं, तेही एकदा नव्हे. दर वेळी नांदेडहून उदगीरपर्यंत एसटीने येऊन. आता पैसे आले, फी भरली, पावतीही हातात आहे, तरी तो काउंटर आठवला की डोकं तापतं. म्हणून लिहायला बसले. तुमचा फॉर्म मंजूर दिसतोय आणि पैसे मात्र येत नाहीत, असं असेल तर आधी हे वाचा आणि मगच गाडीभाडं घाला.

मी २०२३-२४ ला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आले. पप्पा गवंडीकाम करतात, आई रोजाने शेतात जाते. कॅप राउंडमधून (सरकारी प्रवेश फेरीतून) एससी प्रवर्गात नंबर लागला तेव्हाच घरात ठरलं होतं की फी स्कॉलरशिपवरच भरायची. भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, राज्य सरकारच्या महाडीबीटी या वेबसाइटवर भरतात ती. घरचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत असेल तर ही मिळते, त्याच्या वर असेल तर फ्रीशिप या फी-सवलतीच्या वेगळ्या योजनेत भरावं लागतं. हे दोन वेगळे फॉर्म आहेत. आमच्या वर्गातल्या एकाने घाईत चुकीचा भरला आणि त्याचा महिना वाया गेला.

फॉर्मचं फार सांगत नाही, तो नीट गेला. उत्पन्नाचा दाखला तलाठ्याच्या अहवालासकट तहसीलमधून आठ दिवसांत मिळाला. जातीचा दाखला आणि व्हॅलिडिटी (तो दाखला पडताळल्याचं प्रमाणपत्र) बारावीतच करून ठेवली होती, आणि त्यासाठी आमच्या कॉलेजच्या सरांचे मी आजही आभार मानते. बारावी सायन्सला असाल तर व्हॅलिडिटीचं काम आजच सुरू करा, निकालाची वाट बघू नका. कागद अपलोड करताना एकेक फाइल २५६ केबीच्या आत बसवावी लागते, त्यात एक संध्याकाळ गेली. कॉलेजच्या क्लार्कनी एकदा फॉर्म परत पाठवला, कारण फीच्या पावतीवरचा आकडा आणि मी भरलेला आकडा जुळत नव्हता. चूक माझीच होती. दुरुस्त केलं, पुढे गेला. जानेवारीत समाज कल्याणच्या टेबलावरून मंजूर झाला. मी घरी फोन करून सांगितलं, आईने पेढे आणले.

तिथून पुढे खरा ताप सुरू झाला.

या स्कॉलरशिपचा ६० टक्के वाटा केंद्राचा असतो आणि तो थेट विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात येतो. त्यातली फीची रक्कम आपण सात दिवसांत कॉलेजला भरायची. म्हणजे पैसे कॉलेजकडे जाणार, आपलं काम संपलं, असं समजून गप्प बसता येत नाही. मार्चमध्ये माझ्या रूममेटच्या फोनवर पैसे आल्याचा मेसेज वाजला. वर्ग तोच, योजना तीच, फॉर्मही आम्ही एकाच दिवशी भरलेला. माझ्या फोनवर काही नाही. चार दिवस थांबले. मग उदगीरला आले, कारण माझं खातं तिथल्या शाखेत आहे. दहावीत असताना पप्पांनी काढून दिलेलं.

पहिली फेरी. काउंटरवरच्या सरांनी पासबुक घेतलं, खाते नंबर टाकला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली. आधारचे शेवटचे चार आकडे दिसत होते. “लिंक आहे.” मी म्हटलं, सर, मग पैसे का नाही आले? “ते सरकारला विचार.” मी परत गेले.

नांदेडला समाज कल्याण कार्यालयात विचारलं. तिथल्या मॅडमनी मात्र शांतपणे सांगितलं, की तुझं पेमेंट परत आलंय, आधार दुसऱ्या बँकेला सीड आहे. मला सीड हा शब्दच माहीत नव्हता. होस्टेलवर एका सीनियर ताईने माझाच फोन घेऊन *९९*९९*१# डायल केलं, आधार नंबर टाकला. स्क्रीनवर एका पेमेंट बँकेचं (मोबाइलवर चालणारी छोटी बँक, काही सिम कंपन्यांचीही असते) नाव आलं आणि खाली तारीख, जुलै २०२१. मी त्या बँकेत आयुष्यात खातं काढलेलं नव्हतं.

तारखेवरून उलगडलं. जुलै २०२१ म्हणजे माझी अकरावी, ऑनलाइन क्लास. त्यासाठी नवीन सिम घेतलं होतं. दुकानदाराने मशीनवर माझा अंगठा दोनदा घेतला होता. “पहिला नीट उमटला नाही,” म्हणाला होता. दुसऱ्या अंगठ्यात माझ्या नावाने खातं निघालं आणि माझं आधार तिकडे गेलं, हे मला तीन वर्षांनी कळलं. ते सिमही वर्षभरात बंद झालेलं. खातं बंद अवस्थेत, त्यामुळे आलेले पैसे माघारी.

आता हे नीट समजून घ्या, कारण सगळं इथेच अडतं. बँकेने केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवायला, तुमचा आधार नंबर खात्याला लावला, त्याला ते लिंक म्हणतात. असं आधार तुमच्या चार खात्यांना लागलेलं असू शकतं. पण बँकांमधले ऑनलाइन व्यवहार सांभाळणाऱ्या एनपीसीआय नावाच्या संस्थेकडे एक यादी असते, मॅपर म्हणतात तिला. त्यात तुमच्या आधारसमोर एकाच बँकेचं नाव असतं, सगळ्यात शेवटी जिथे सीडिंग झालं (म्हणजे या यादीत जिचं नाव जोडलं गेलं) तिचं. सरकारने आधारवर पाठवलेला पैसा त्या एकाच बँकेत जातो. तुमचं पासबुक कुठलं आहे, फॉर्मवर कुठला खाते नंबर लिहिला आहे, याला तिथे काही किंमत नाही. काउंटरवरचे सर स्वतःच्या बँकेची स्क्रीन बघून लिंक आहे म्हणत होते आणि ते खरंही होतं. त्यांना मॅपर बघायचा असतो हेच ठाऊक नव्हतं, आणि ते ऐकूनही घेत नव्हते.

दुसरी फेरी २८ मार्चला. सोबत माय आधारच्या साइटवरून ‘बँक सीडिंग स्टेटस’ची प्रिंट काढून नेली होती. (हे फुकट दिसतं, फक्त ओटीपीसाठी आधारला लागलेला मोबाइल नंबर चालू हवा.) सरांनी प्रिंट हातातही घेतली नाही. “इयर एंडिंग चालूय, दिसत नाही का? एक तारखेनंतर ये.” रांगेत माझ्या मागे एक गृहस्थ उभे होते. ते म्हणाले, “सरकारचे फुकटचे पैसे, येतील की आज ना उद्या. आमची कामं खोळंबलीत.”

मी काही बोलले नाही. बसस्टँडवर येऊन बसले आणि रडले. ही योजना १९४४ पासून चालू आहे. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते आणि आमच्या पोरांच्या शिक्षणासाठी सरकारकडे पैसे मागत होते, मिळवत होते. माझी आजीसुद्धा तेव्हा जन्मली नव्हती. त्या रांगेतल्या माणसाला मी हे सांगायला हवं होतं. आज इथे सांगते. हे पैसे फुकटचे नाहीत.

तिसरी फेरी वाया गेली. जयंतीला गावी यायचंच होतं, म्हणून एक दिवस आधी, १३ एप्रिलला सकाळीच बँकेत पोचले. शटर खाली. दुसरा शनिवार होता. जयंतीच्या गडबडीत माझ्या लक्षातच आलं नाही.

चौथी फेरी २२ एप्रिलला, सोमवारी. या वेळी सरांनी आधारची झेरॉक्स मागितली, तिच्यावर पेनाने ‘आधार लिंक करणे’ असं लिहिलं, माझी सही घेतली आणि ट्रेमध्ये टाकली. मी विचारलं, सर, याचा फॉर्म वेगळा असतो ना? आधीच्या बँकेचं नाव लिहायचा? तेव्हा परत तेच वाक्य. लिंक आहे की गं तुझं आधार. मॅनेजर साहेबांना भेटते म्हटलं तर ते इलेक्शनच्या ट्रेनिंगला गेलेले. लातूरचं मतदान ७ मेला होतं. मी अडीच तास बाकड्यावर बसले. आठ दिवसांनी परत डायल करून पाहिलं, नाव त्याच पेमेंट बँकेचं.

इकडे कॉलेजात फी बाकी असलेल्यांची यादी बोर्डावर लागली. त्यात माझं नाव, पुढे आकडा. त्या बोर्डासमोरून कॅन्टीनला जावं लागायचं, मी आठवडाभर मागच्या जिन्याने गेले. परीक्षेचं हॉल तिकीट थांबवू म्हणाले. आईने बचत गटातून वीस हजार उचलले, ते भरले, उरलेल्यासाठी मी प्राचार्यांना अर्ज दिला. अर्जाला महाडीबीटीवरच्या मंजुरीचा स्क्रीनशॉट आणि सीडिंगची प्रिंट जोडली होती. प्राचार्य सरांनी वाचलं आणि सही केली. असा अर्ज तोंडी विनंतीपेक्षा फार कामाला येतो, आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. बँकेतसुद्धा. मी चौथ्या फेरीला पोच घेतली नाही, त्यामुळे ती झेरॉक्स कुठे गेली हे विचारायलाही माझ्याकडे कागद नव्हता.

पाचवी फेरी ९ मेला. या वेळी पप्पा कामावर खाडा करून सोबत आले. त्यांच्या शर्टाला सिमेंटचे डाग होते, ते बँकेच्या दारात थांबून झटकत होते. ते मला बघवलं नाही. मी काउंटरकडे गेलेच नाही, सरळ आत काचेच्या केबिनपाशी गेले. तिथे एक नवीन ऑफिसर मॅडम होत्या, माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठ्या असतील. मी म्हटलं, मॅडम, मला केवायसी नको, एनपीसीआय मॅपरमध्ये बँक बदलायची आहे. त्यांनी मान वर केली. “डीबीटी सीडिंग का? बस.” (डीबीटी म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे पैसे.) ड्रॉवरमधून फॉर्म काढला. एका पानाचा. त्यात संमती, खाते नंबर आणि आधीच्या बँकेचं नाव लिहायची जागा. हाच फॉर्म मी दोन महिने मागत होते. मॅडमनी माझ्यासमोर कॉम्प्युटरवर टाकला, फॉर्मच्या झेरॉक्सवर शिक्का आणि तारीख दिली. पप्पांना खुर्ची दिली, पाणी दिलं. सगळं मिळून दहा मिनिटं. तिसऱ्या दिवशी डायल केलं तर माझ्या बँकेचं नाव आलं.

म्हणून शब्द नीट वापरा. ‘आधार लिंक करायचं आहे’ म्हणालात की तुम्हाला घरी पाठवतील. ‘डीबीटीसाठी एनपीसीआय सीडिंग करायचं आहे, दुसऱ्या बँकेतून इकडे आणायचं आहे’ असं म्हणा. काउंटरवर नाही कळलं तर वेळ न घालवता ऑफिसरकडे जा. तिथेही नाही झालं तर बँकेकडे लेखी तक्रार द्या, आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, १४४४८ वर माहिती मिळते. मला हे सगळं संपल्यावर कळलं. दुसऱ्या फेरीनंतरच लेखी दिलं असतं तर बरं झालं असतं.

सीडिंग झालं म्हणजे पैसे लगेच येत नाहीत. परत गेलेलं पेमेंट पुन्हा पाठवावं लागतं. त्यासाठी मी शिक्क्याची प्रत आणि नवीन स्टेटसची प्रिंट घेऊन समाज कल्याणच्या त्याच मॅडमकडे गेले. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मेसेज आला. मी लायब्ररीत होते, बाहेर येऊन पप्पांना फोन केला. ते परांचीवर होते, म्हणाले, जरा जोरात सांग, मिक्सर चालूय. तिसऱ्या दिवशी कॉलेजात फी भरली, पावती घेतली. आईचे बचत गटाचे पैसेही फिटले.

अजून एकदोन गोष्टी आठवल्या. फॉर्म भरताना नेट कॅफेवाल्याला त्याचा मोबाइल नंबर टाकू देऊ नका, पुढे पासवर्ड बदलायला त्याच्याच दारात जावं लागतं. दहावीच्या मार्कमेमोवरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का, ते फॉर्म उघडायच्या आधी बघा. सरकारी होस्टेलला नंबर लागला नसेल तर स्वाधारचाही (राहण्या-जेवणाच्या खर्चाला मदत देणारी योजना) अर्ज करा, तो या स्कॉलरशिपपेक्षा वेगळा आहे. आणि रिन्यूअलच्या वेळीही सीडिंग परत तपासा. मधल्या काळात कोणी कॅम्प लावून झिरो बॅलन्स खातं काढून दिलं असेल तर तुमचं आधार तिकडे गेलेलं असू शकतं. आमच्या वर्गातल्या दोघींचं तसं झालंय, दोघींनाही मी त्या फॉर्मची झेरॉक्स दिली. मूळ शिक्क्याची प्रत अजून माझ्या फाइलमध्ये आहे, जातीच्या दाखल्याच्या मागच्या कप्प्यात.