क्रूझचा हिशेब: टिप, पाण्याची बाटली आणि संकष्टी

सिंगापूरहून क्रूझने पेनांग-फुकेत करायचं ठरलं, तेव्हा आमच्या डोंबिवलीच्या घरात समुद्र, बाल्कनी, फेसाळत्या लाटा यांवर फारसं बोलणंच झालं नाही. सगळी चर्चा टिपेवर. एजंटने पाठवलेल्या कोटेशनमध्ये भाडं, पोर्ट चार्जेस आणि कर असे रकाने होते आणि तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ: ‘ऑनबोर्ड ग्रॅच्युइटी वेगळी’, म्हणजे जहाजावरच्या बिलात आपोआप लागणारी टिप. वेगळी म्हणजे किती, असं विचारलं तर, ‘‘मॅडम, ते तिकडे गेल्यावर. नको असेल तर काढतासुद्धा येते.’’

मी एका कंपनीत अकाउंट्स बघते. ‘तिकडे गेल्यावर’ हे उत्तर मला कधीच पुरत नाही. दोन फोननंतर आकडा मिळाला: माणशी दिवसाला अठरा डॉलर. मोठ्या अमेरिकी कंपन्यांच्या जहाजांवर साध्या केबिनला हा आकडा साधारण १६ ते २० डॉलरच्या घरात असतो, मोठ्या खोलीला, म्हणजे स्वीटला, जास्त. लहान मुलालाही बहुतेक ठिकाणी पूर्णच लागतो. आम्ही चौघं: मी, नवरा, सोळा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. म्हणजे दिवसाला ७२ डॉलर, सहा हजार रुपयांच्या पुढे. सासूबाई म्हणाल्या, ‘‘एवढ्यात आपल्याकडे महिनाभर पोळ्यांची बाई येते.’’ त्यांचं खोटं नव्हतं.

मी ती रक्कम भाड्यातच मिळवून एकूण खर्च काढला आणि मगच हो म्हटलं. एजंटला हे विचित्र वाटलं. त्याच्या मते टिप हा खर्चच नव्हे.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. सिंगापूरचा व्हिसा परत प्रवेश करता येईल असाच हवा, कारण जहाज तुम्हाला तिथेच परत आणून सोडतं. त्यामुळे सिंगापूरचं अरायव्हल कार्ड परतताना पुन्हा भरावं लागतं. मलेशिया आणि थायलंडचे ऑनलाइन फॉर्म वेगळे. हे फॉर्म वेळ येईल तसे एकेक करून उरकले.

खाण्याचं मात्र आधी लिहून कळवलं. फॉर्ममध्ये ‘व्हेजिटेरियन’ एवढंच टिकमार्क केलं तर पास्ता आणि भाजलेल्या भाज्या वाट्याला येतात. त्यात ‘इंडियन व्हेज’ आणि ‘जैन’ असे वेगळे पर्याय होते. सासूबाई जैन नाहीत, पण कांदा-लसूण खात नाहीत. मी ‘जैन’ टाकलं आणि खाली लिहिलं की बटाटा चालतो. हा खुलासा फार कामाला आला. नाहीतर उपासाच्या दिवशी बटाटाही गेला असता.

मरीना बे क्रूझ सेंटरवर सामान स्कॅनरमधून जातं. आमच्या पुढच्या कुटुंबाची इलेक्ट्रिक किटली तिथेच काढून घेतली आणि पावती दिली. इस्त्री, शेगडी, इंडक्शन, काहीच चालत नाही. जहाजावर आगीची भीती सगळ्यात मोठी, त्यामुळे या नियमावर माझी काहीच तक्रार नाही. घरी शिजवलेलं अन्न नेता येत नाही, कंपनीने सील केलेली पाकिटं चालतात. आमच्या बाकरवडीला आणि खजुराला कोणी हात लावला नाही. वाइनची एक बाटली चढताना नेता येते, पण बंदरात घेतलेली दारू गँगवेवरच, म्हणजे जहाजात चढायच्या पुलावरच, ताब्यात घेतात आणि शेवटच्या संध्याकाळी परत देतात. कारण उघड आहे, बार चालला पाहिजे.

जहाजावर रोख पैसे चालत नाहीत. खोलीची किल्ली असलेलं कार्डच सगळीकडे दाखवायचं, आणि सिंगापूरहून सुटलं तरी हिशेब अमेरिकी डॉलरमध्ये. चढताना या खात्याला आपलं बँकेचं कार्ड जोडून घेतात आणि त्यावर ठरावीक रक्कम अडकवून ठेवतात. ती सुटायला नंतर काही दिवस जातात. म्हणून मी अडकवायला क्रेडिट कार्ड दिलं आणि शेवटच्या रात्री काउंटरवर जाऊन खरं बिल आधीच डॉलर भरून ठेवलेल्या फॉरेक्स कार्डाने भरलं. क्रेडिट कार्डाने भरलं असतं तर बँकेचा परकीय चलनाचा अधिभार आणि त्यावर जीएसटी लागला असता. मुलाच्या कार्डावरची खरेदी पहिल्याच दिवशी बंद करून घेतली. व्हिडिओ गेम्सच्या खोलीत तेच कार्ड टेकवलं की डॉलर जातात, आणि आमचे चिरंजीव तिथेच मुक्कामाला असणार हे मला ठाऊक होतं.

नवऱ्याला ड्रिंक्स पॅकेजचा, म्हणजे ठरावीक रकमेत हवं तेवढं प्यायच्या योजनेचा, मोह झाला होता. त्या कंपनीचा नियम असा की एका केबिनमधल्या एका प्रौढाने घेतलं तर दुसऱ्यालाही घ्यावंच लागतं. मी लिंबूपाण्याच्या पुढे जात नाही. त्याला रोज दोन बिअर पुरतात. नऊ डॉलरची बिअर, वर १८ टक्के सर्व्हिस, झाले साडेदहाच्या पुढे. कागदावर मांडून दाखवल्यावर तो गप्प झाला आणि सुट्या बिअर घेऊ लागला. त्या पावतीवर १८ टक्के आधीच लावलेले असतात आणि तरीही खाली ‘अ‍ॅडिशनल टिप’ म्हणून कोरी रेघ असते. ही रेघ मला राग आणते. सही करायच्या घाईत माणूस तिथे काहीतरी लिहून जातो. मी नवऱ्याला प्रत्येक वेळी ती आडवी खोडायला लावली.

केबिनमधल्या टेबलावर गळ्यात कागदी पट्टी घातलेली पाण्याची बाटली ठेवलेली असते. ती फुकट नाही. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं आणि बुफेत पाण्याचं यंत्र असतं, तेव्हा आपल्या बाटल्या तिथे भरून घ्याव्यात. वरच्या डेकवरची स्टेक आणि सुशीची रेस्तराँ पैसे घेतात. मुख्य डायनिंग हॉल आणि बुफे भाड्यात धरलेलं असतं, आणि खरं सांगायचं तर त्यात खाऊन संपवता येणार नाही एवढं मिळतं. डाळ, भात, एक सुकी भाजी, एक रस्सा, रोटी रोज होती. डाळ सपक होती, पण गरम होती.

पेनांगला स्वेटेनहॅम पिअरला जहाज थेट धक्क्याला लागतं आणि जॉर्ज टाउनचं लिटल इंडिया चालत गाठता येतं. बुफेतली फळं-सँडविच खाली न्यायला बंदी आहे. एका काकूंच्या पर्समधली दोन केळी गँगवेवरच काढून ठेवायला लावली. काकू चिडल्या. पण फळांतून कीड एका देशातून दुसऱ्या देशात जाते, म्हणून बंदरांवर हे कडक असतं. आम्ही लिटल इंडियात केळीच्या पानावर जेवलो. त्या दिवशी सासूबाईंना पहिल्यांदा मनासारखं तिखट मिळालं.

खाण्याच्या धोरणाची खरी परीक्षा फुकेत सोडल्यावर झाली. त्या दिवशी संकष्टी होती. आता चंद्रोदय कुठला धरायचा? पंचांगातली मुंबईची वेळ धरली तर सिंगापूरच्या घड्याळात जवळजवळ मध्यरात्र होत होती. जहाजाची घड्याळं सिंगापूरचीच होती. नवऱ्याने फोनवर गणित मांडायला घेतलं, तोवर सासूबाईंनी निकाल दिला: ‘‘आपण जिथे, तिथला चंद्र.’’ तो दहाच्या पुढे उगवणार होता. डायनिंग हॉलची दुसरी पंगत त्याआधी उठते आणि बुफेही बंद होतो.

आमच्या टेबलावरचा वेटर फोंड्याचा होता. गोव्यात जहाजावर काम करणाऱ्याला तारवटी म्हणतात. घराघरांतून माणसं या नोकरीत गेलेली असतात, आणि त्याचे दोन मामाही तसेच. सासूबाईंनी दुपारी फक्त फळं आणि उकडलेला बटाटा घेतलेला बघून त्यानेच विचारलं, ‘‘आजी, आज संकष्टी न्हय?’’ त्यापुढे त्या माझ्याशी कमी आणि त्याच्याशी जास्त बोलू लागल्या.

मी म्हटलं, डाळ-भात डब्यात द्या, रात्री खोलीत खातील. तो म्हणाला, तसं करता येत नाही. शिजवलेलं अन्न बाहेर किती वेळ राहू शकतं याचे नियम असतात आणि पोटाच्या साथीला जहाजं फार घाबरतात. बुफेच्या दारात हात धुवायला उभं करतात ते उगीच नाही. रूम सर्व्हिसच्या रात्रीच्या मेन्यूत भारतीय काहीच नव्हतं. त्याने हेड वेटरला गाठलं, हेड वेटरने किचनला. साडेदहाला खोलीच्या दारात ट्रॉली आली: वाफाळता भात, बिनकांद्याची डाळ, बटाट्याची भाजी आणि लिंबाची फोड. त्याआधी सासूबाईंनी डेकवर जाऊन ढगाआडून निघालेल्या चंद्राला हात जोडले होते, शेजारी डीजे चालू असताना.

रूम सर्व्हिसचे आठ डॉलरच्या आसपास लागले, वर १८ टक्के. साऱ्या सफरीत एवढे पैसे मी दुसरीकडे कुठे इतक्या आनंदाने दिले नाहीत. पाण्याच्या बाटलीचे डॉलर आणि हे डॉलर बिलात एकाच रकान्यात येतात, पण माझ्या लेखी त्यांचा संबंध नाही.

दुसऱ्या दिवशी गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरसमोर रांग लागली. अर्धी रांग टिप काढायला आलेली, आणि लपवायचं कशाला, त्यात आपली मंडळी भरपूर. नागपूरचे एक काका भेटले. त्यांचा मुद्दा तयार होता: २०२२ साली आपल्या ग्राहक प्राधिकरणाने हॉटेलांना बिलात आपोआप सर्व्हिस चार्ज लावायला मनाई केली आणि २०२५च्या मार्चमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. ‘‘मग इथे का द्यायचा? टिप म्हणजे मर्जी. मर्जी आधीच कापून कशी घेता?’’ परदेशी झेंड्याखालच्या जहाजाला आपला नियम लागू नाही, हे मी त्यांना सांगितलं. पण त्यांचा प्रश्न चुकीचा होता असं मला वाटत नाही.

आमच्या टेबलावर सिडनीचं एक जोडपं होतं. ऑस्ट्रेलियातून सुटणाऱ्या बऱ्याच सफरींत टिप भाड्यातच धरलेली असते, त्यामुळे त्यांनाही हा प्रकार खटकत होता. एकच आकडा सांगा, आम्ही तो देऊ किंवा देणार नाही, असं त्या बाईंचं म्हणणं. मला ते शंभर टक्के पटलं.

मी फोंड्याच्या त्या मुलाला सरळच विचारलं. तो इकडेतिकडे बघून हळू बोलला. ही रक्कम सगळ्यांत वाटली जाते, टेबलावर दिसणाऱ्यांत आणि न दिसणाऱ्यांतही. त्याच्या घरी जे पैसे जातात त्यातला मोठा भाग यातूनच येतो. लोक काढतात तेव्हा काय होतं? त्यावर तो नुसता हसला. मग म्हणाला, ‘‘मावशी, अभिप्रायाच्या फॉर्मवर आमचं नाव लिहा. त्याचो उपेग जाता.’’ सात-आठ महिन्यांचा करार असतो आणि पुढचा करार मिळताना अशी नावं बघितली जातात, असं त्याचं म्हणणं.

घरी आल्यावर एक गोष्ट वाचनात आली आणि सगळं जुळलं. कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून जाहिरातीतल्या किमतीत सक्तीची शुल्कं धरून दाखवावी लागतात. त्यानंतर मोठ्या क्रूझ कंपन्यांनी अमेरिकेत पोर्ट फी धरून भाडं दाखवायला सुरुवात केली. टिप मात्र बाहेरच राहिली, कारण ती काढता येते, म्हणजे सक्तीची नाही. काढायची सोय ठेवली की भाडं स्वस्त दिसतं, आणि पगाराचा वाद कंपनीऐवजी प्रवासी आणि वेटर यांच्यात लागतो. नागपूरचे काका कंपनीवर रागावले होते आणि पैसे गेले ते भांडी घासणाऱ्या पोराचे. मी तर जहाजावरच टिप पूर्ण ठेवली होती, तो पगार आहे असं धरून. केबिन आवरणाऱ्या इंडोनेशियन मुलाला रोख वेगळे दिले आणि फॉर्मवर दोघांची नावं लिहिली. बारच्या कोऱ्या रेघेवर एक सेंटही नाही.

शेवटच्या संध्याकाळी टीव्हीवर खातं उघडून एकेक ओळ तपासली. एक बिअर दोनदा लागली होती, आणि न उघडलेल्या दोन पाण्याच्या बाटल्या होत्या. हे काम रात्री नऊच्या आत उरकावं. सकाळी उतरायच्या घाईत काउंटरपाशी उभंही राहता येत नाही. मी बाटल्या पट्टीसकट घेऊन गेले आणि काउंटरवर ठेवल्या. तिथल्या मुलीने वाद न घालता तिन्ही ओळी काढल्या आणि नवा कागद छापून दिला.

क्रेडिट कार्डावर अडकलेली रक्कम सुटायला आठवडा गेला. एजंटचा फोन आला, पुढच्या वर्षी अलास्का करणार का म्हणून. मी म्हटलं, टिप धरून आकडा पाठवा. अजून आलेला नाही.